आई, घेतलंस का?

११ जून

शिंक्या,

जग तुला आता कोणत्या का नावानं ओळखेना, गिरणीत मिरची पडली की जो चार घरं पलीकडे पळून शिंकत बसायचा त्याचं या घरातलं नाव हेच आहे आणि मी तेच लिहिणार. पत्र लिहितेय, कारण तुझा फोन तुझा मदतनीस उचलतो. मला 'मॅडम' म्हणतो. 'सर शूटिंगमध्ये आहेत, निरोप देतो' म्हणतो. निरोप तुला मिळत नसेल, किंवा मिळूनही तू कानाडोळा करत असशील. दुसरंच खरं असावं असं मला वाटतं. पाकीट मात्र कुणाला तरी फोडावंच लागतं.

आईच्या डाव्या पायाला जखम झालीय. अंगठ्याच्या शेजारच्या दोन बोटांना. चप्पल घासून झाली असणार. तिला कळलंच नाही, कारण साखरेच्या आजारानं तिच्या तळपायांची जाणीव केव्हाच गेलीय. तुला हे माहीत नसेल तर त्यात नवल नाही. बाबा गेले तेव्हा आलास, त्यानंतर उंबरा ओलांडलेला नाहीस.

जखम दिसल्यावर तिनं ती माझ्यापासून लपवली आणि तिच्यावर दालचिनीची पूड दाबली. आपल्या घरची खोड तुला आठवत असेल. गिरणीत बोट कापलं की हाताला लागेल ती पूड दाबायची आणि पुन्हा कामाला लागायचं. बाबा हळद दाबायचे, हळद दूर असली तर धने. पण दालचिनी आईनं आपल्या मनानं नाही दाबली. तू तुझ्या व्हिडिओत म्हणालास, 'दालचिनीनं जंतू मरतात, जखम आतून सुकते.' ती रोज दाबत गेली, वर मोजा चढवत गेली. त्या वासाखाली दुसरा वास दबून गेला. या घरात कुणाचं नाक शाबूत आहे म्हणून कळावं? मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मसाला दळते. शेवटी शेजारची शिवणवाली गाऊनचं माप घ्यायला खाली वाकली आणि म्हणाली, "काकू, इथे काहीतरी कुजलंय."

मोजा काढला तेव्हा काय दिसलं ते लिहीत नाही. तू कॅमेऱ्यासमोर नाश्ता करतोस, तो तुला जाऊ दे.

मग मी तिचा औषधांचा डबा उघडला. गोळ्यांची पाकिटं कोरी होती. होळी झाली तेव्हापासून तिनं एकही गोळी घेतलेली नाही. त्याऐवजी काय घेते ते मला माहीत होतं, पण कशाऐवजी घेते ते माहीत नव्हतं. गरम पाण्यात दालचिनी. तू चिमूटभर म्हणतोस, ती चमचे भरभरून घालते. गिरणी आपली, माल आपला, मग हात कशाला आखडायचा, असा तिचा हिशेब. 'ज्या आईच्या स्वयंपाकघरात दालचिनी आहे, तिला औषधाच्या दुकानाची पायरी चढायला नको.' हे वाक्य तुझंच ना? तिला ते तोंडपाठ आहे. त्यानंतर तू हसतोस, तेसुद्धा ती हसून दाखवते.

आता तुला एक गोष्ट सांगते जी तुझ्या मदतनीसालाही माहीत नसेल. तुझ्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात तू अशी करतोस: 'आई, उठलीस का? घेतलंस का गं आज?' आणि मग क्षणभर थांबतोस, मान जरा तिरकी करून. ही युक्ती तुला कुणी शिकवली कोण जाणे, पण चालते खरी. बघणाऱ्या प्रत्येक बाईला वाटत असणार की हा मलाच विचारतोय. आपल्या आईला तसं वाटत नाही. तिला खात्री आहे. तू थांबतोस तेवढ्यात ती फोनला सांगते, "घेतलं रे बाळा." कधी पुढेही काही बोलते. गुडघ्याचं, शेजारणीचं, माझ्या तिरसटपणाचं. तोवर तू पुढे निघून गेलेला असतोस. मग ती ऐकायला लागते.

मी एकदा म्हणाले, "अगं, तो सगळ्यांना विचारतो." तर मला म्हणाली, "सगळ्यांना विचारतो, पण त्याला आई एकच आहे."

माझं म्हणणं एवढंच आहे. तिला फोन कर. स्वतः. तिला सांग की गोळ्या सुरू कर आणि ताई म्हणेल त्या डॉक्टरकडे पाय दाखव. माझं ती ऐकत नाही. मी गिरणीवाली, मला काय कळतंय. तू तर दालचिनीचा पंडित.

ताई


१९ जून

शिंक्या,

फोन केलास. गाडीतून केलास, मागे हॉर्न वाजत होते, आणि आई 'हॅलो' म्हणेपर्यंत तुझं निम्मं बोलून झालं होतं. 'आई, ताई म्हणते तसं कर, गोळ्या घे, डॉक्टरला दाखव, मी नंतर करतो, हां, ठेवतो.' संपलं. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी तू आई हाकलीस.

फोन ठेवून तिनं पाणी मागितलं. मला वाटलं, पटलं. मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं आणि विचारलं, "तू त्याला काय सांगितलंस?"

मी म्हणाले, पाय दाखवायला सांगितलं, दुसरं काय सांगणार. ती म्हणाली, "हा बोलला ते तुझं बोलणं होतं. तो असा बोलत नाही. तो आधी विचारतो, उठलीस का. मग थांबतो. मग सांगतो. आज त्यानं काहीच विचारलं नाही."

कळतंय का तुला काय झालंय? तू खरोखर फोन केलास तो तिला खोटा वाटला. जो काचेमागे बसून पिवळ्या दिव्याच्या उजेडात चमचा हलवतो, तो तिचा खरा मुलगा. गोळी तिनं उशीखाली ठेवली. मी गेल्यावर घेईन म्हणाली, आणि मी गेल्यावर खिडकीतून टाकून दिली.

त्याच दिवशी तुझं पार्सल आलं. तुझा हसरा फोटो असलेल्या दोन बरण्या. 'खास आयांसाठी.' झाकण उघडून बघितलं. जाड सालीच्या स्वस्त दालचिनीची पूड आहे. मी नालायक असेन, पण मी तीच साल रोज दळते, मला ती पाठवायची गरज नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी दोन्ही बरण्या मोरीत आपटून रिकाम्या केल्या. मग चूक कळली. आईनं आवाज ऐकला होता. भावाचा मत्सर करते म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परवा तिला ताप भरला. पायाची सूज घोट्यावर गेली. मी आणि शिवणवालीनं तिला उचलून रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात आणलं. ती येताना पिशवीत फोन आणि दालचिनी घेऊन आली.

इथल्या डॉक्टर बाई तुझ्याच वयाच्या आहेत. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांना मी सरळ विचारलं की दालचिनी वाईट आहे का. त्या म्हणाल्या, "वाईट कशाला? चहात घाला, केकात घाला, वास छान येतो. साखरेवर थोडाफार परिणाम होतो की नाही यावर अजून अभ्यास चालू आहेत. पण गोळी बंद करून तिच्या जागी दालचिनी घ्यायची, हे कुणी सांगितलं यांना?" तुझं नाव मी सांगितलं नाही. रक्ताच्या तपासणीत यकृतावरही ताण दिसतोय. जाड सालीत एक घटक असतो, तो रोज चमचे भरून घेतला तर यकृताला सोसत नाही, असं त्या म्हणाल्या. नक्की त्यानंच झालंय का ते आता सांगता येत नाही, पण बंद करा म्हणाल्या. मी पिशवीतली दालचिनी काढून घेतली. आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिचे दागिने काढतेय.

दोन बोटं काढावी लागणार. लवकर काढली तर तेवढ्यावर निभावेल. उशीर झाला तर पाऊल, आणखी उशीर झाला तर गुडघ्यापर्यंत. आई शुद्धीवर आहे, शहाणी आहे, त्यामुळे तिची सही लागते. माझी चालत नाही. आणि ती सही करत नाही. 'कापाकापीच्या आधी निसर्गाला एक संधी द्या,' हेही तुझंच वाक्य.

ये म्हणणार नाही, तू यायचा नाहीस. पण निदान तिला पटेल असं बोल.

ताई


२३ जून

शिंक्या,

तू पाठवलेला व्हिडिओ मिळाला. मान्य करते, या वेळी मन लावून केलास. तोच ओटा, तोच दिवा, तोच शर्ट. 'आई, उठलीस का?' मग थांबलास. मग म्हणालास, 'आई, दालचिनीचं पाणी आता बंद कर. गोळी घे. डॉक्टर म्हणतात तसं बोटांचं करून घे. तुझ्या मुलासाठी कर.' तुझा आवाज शेवटी जरा फाटला. मला पहिल्यांदाच वाटलं की हा आपला शिंक्या आहे, आणि क्षणभर मी तुझ्यावरचा राग विसरले. लगेच परत आठवला.

आईनं दोनदा बघितला. मला म्हणाली, शिवणवालीला बोलाव. शिवणवाली आली. आईनं तिला विचारलं, "हा तुझ्या फोनवर आलाय का?" ती बिचारी शोधत बसली. तिच्या फोनवर आज सकाळी तू दालचिनी आणि केसगळती सांगत होतास. हा नव्हताच. असणार कुठून? तू तो फक्त मला पाठवलास, आणि खाली लिहिलंस, 'कृपया पुढे पाठवू नकोस.'

आईनं फोन पालथा ठेवला. मग ती जे बोलली ते मी शब्दाचाही फरक न करता लिहितेय, तुझ्यासाठी.

"हे खरं असतं तर त्यानं सगळ्यांना सांगितलं असतं. एकट्या आपल्या आईला वाचवायचं आणि दुसऱ्यांच्या आयांना तसंच राहू द्यायचं, असा नाही तो. मी त्याला तसा वाढवला नाही."

काय बोलणार? तो तसाच आहे म्हणू? तिच्या डोळ्यांसमोर? त्या पायावर तो घाव आणखी कुठे घालू?

डॉक्टर म्हणतात की जंतू रक्तात जाताहेत. मी म्हणते, तिचा खरा आजार तू चांगला आहेस असं तिला वाटणं हा आहे. त्यावर गोळी नाही.

आता तुला एकच गोष्ट करायची आहे. तोच व्हिडिओ सगळ्यांसाठी टाक. शिवणवालीच्या फोनवर येऊ दे. पानवाल्याच्या, शाळेतल्या शिक्षिकेच्या, ज्यांच्या आया रोज सकाळी तुला उत्तर देतात त्यांच्या सगळ्यांच्या फोनवर येऊ दे. आई त्याच दिवशी सही करेल. तुझं काय होईल ते मला माहीत आहे, तेवढी मी अडाणी नाही. लोक शिव्या घालतील, बरण्या पडून राहतील, पिवळा दिवा विझेल. तू बसून राहशील, जसे आम्ही रोज बसतो तसाच. बसून राहिलेला माणूस दोन पायांवर उठू तरी शकतो.

ताई


२५ जून

तुझं उत्तर कुरिअरनं मिळालं. कंपनीच्या छापील कागदावर लिहिलंस, वरच्या कोपऱ्यात दालचिनीच्या दोन कांड्या. घरी लिहायलाही साधा कागद नाही का तुझ्याकडे?

'ताई, तू समजून घे. एकदम असं केलं तर लोकांचा विश्वास उडेल. माझ्यावर बावीस माणसं अवलंबून आहेत. मी हळूहळू वळण देतो. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक व्हिडिओखाली डॉक्टरांचा सल्ला घ्या असं लिहिणार आहे.'

हळूहळू. पाय हळूहळू सडत नाही रे. सकाळी घोट्याशी असलेली लाली दुपारी वर चढलेली असते, डॉक्टर बाईंनी पेनानं कड आखून ठेवलीय आणि ती रोज पुढे सरकवतात. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं कोण वाचतं? आईचा चष्मा बदलायला झालाय. तिला तुझा चेहरा दिसतो, तेवढा तिला पुरतो.

'तू आईला समजाव, तुझ्याजवळ आहे ती.' हेही लिहिलंस. हो, माझ्याजवळ आहे. बेडपॅन माझ्याजवळ आहे, ताप माझ्याजवळ आहे, आठवडाभर बंद पडलेली गिरणी माझ्याजवळ आहे. विश्वास तेवढा तुझ्याजवळ आहे. तो परत दे, बाकीचं मी करते.

खाली 'तुझाच' असं लिहिलंयस. कुणाचा तू?


२७ जून

शिंक्या,

हे शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आईला आत नेऊन थोडा वेळ झाला. तिनं सही केली. तुझ्यामुळे नाही, आणि माझ्यामुळे तर नाहीच.

काल दुपारी आईच्या शेजारच्या खाटेवर एक बाई आणली. शाळेत घंटा वाजवायचं काम करायची, आता निवृत्त आहे. आधीच शस्त्रक्रिया होऊन आली होती. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. पांघरूण एका जागी उंच आणि मग एकदम सपाट. तिच्यासोबत कुणी नव्हतं. आईनं तिला पाणी दिलं, म्हणजे मला द्यायला सांगितलं. दोघींचं जमलं. बाई गप्पिष्ट होती. आईनं रीतीप्रमाणे तुझा विषय काढण्याची तयारी केलीच होती. माझा मुलगा फार मोठा झालाय, फोनवर असतो, असं ती इथे सगळ्या नर्सना सांगून झालेली आहे. पण इतक्यात जेवणाच्या गाड्या आल्या आणि ते राहिलं.

आज सकाळी मी चहा आणायला गेले होते. परत आले तेव्हा त्या बाईच्या उशीवर फोन टेकवलेला होता आणि त्यातून तू बोलत होतास. 'आई, उठलीस का? घेतलंस का गं आज?' मग थांबलास.

आणि ती बाई म्हणाली, "आज नाही घेतलं रे बाळा. इथे देत नाहीत मला. रागावू नकोस हं."

मी आईकडे बघितलं. आई तिच्याकडे बघत होती. तू पुढे सांगत गेलास, आज काय होतं, हाडं बळकट होतात की असंच काहीतरी. बाई मन लावून ऐकत होती. तू संपलास तशी तिनं फोन पुसून उशीखाली ठेवला.

आईनं तिला विचारलं, "तुमचा मुलगा आहे का हा?"

बाई हसली. "नाही हो. माझा आहे तो बोलत नाही माझ्याशी. हा मात्र रोज विचारतो. कोण विचारतं हो इतकं?"

आईनं विचारलं की दालचिनीचं पाणी कधीपासून घेताय. बाई म्हणाली, हा सांगायला लागल्यापासून. गोळ्या? त्या याच्या शब्दाखातर सोडल्या. आई त्या सपाट पांघरुणाकडे बघत राहिली. मी वाट बघत होते की आता सांगेल, हा माझा. इतकी वर्षं तिला तेवढंच तर सांगायचं असतं. दुधवाल्याला सांगते, बँकेत सांगते, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही सांगते.

ती म्हणाली, "डॉक्टरांना बोलाव."

डॉक्टर बाई कागद घेऊन आल्या. दोन बोटांची वेळ गेलीय, आता अर्धं पाऊल जाणार, ते त्यांनी समजावून सांगितलं. आईनं विचारलं नाही की किती दुखेल किंवा चालता येईल का. तिनं पेन घेतलं आणि सही केली. सही झाल्यावर तिनं मला जवळ बोलावलं, इतकं जवळ की तिचा तापलेला श्वास कानाला लागला.

"त्या बाईला सांगू नकोस, तो कुणाचा ते."

मग भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला न्यायला आले तेव्हाही तिनं मान वळवली नाही. फोन तिनं मागितला नाही. तो माझ्या पिशवीत आहे, बंद करून.

मी सांगितलं नाही. आईचा शब्द मी मोडणार नाही. पण ती बाई अजून काही आठवडे इथेच असणार, तिला न्यायला कुणी आलेलं नाही. बायकांच्या वॉर्डात डावीकडून तिसरी खाट. उद्या सकाळी ती उशीवर फोन टेकवून तुझी वाट बघणार, आणि आपली आई शेजारी पडून ते ऐकणार.

तेव्हा आता मीच म्हणते, ये. आईला भेटायला नको, तिला तू सध्या दिसू नयेस. त्या बाईच्या खाटेजवळ उभा राहा आणि तू कुणाचा आहेस ते तिला तूच सांग.